पाव्हने, तुमी बसा

प्रमोदराव मला पहिल्यांदा दिसले ते निम्मेच. कमरेच्या वरचा भाग शाळेच्या पाण्याच्या टाकीत होता, आणि खालचा भाग, म्हणजे गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि शेवाळाने हिरवे झालेले पाय, टाकीबाहेर लोंबत होता. मी माझ्या मुलाला, ओमला, पहिलीत घालायला घेऊन गेलो होतो. हेडमास्तर कुठे भेटतील असं मी त्या पायांना विचारलं. टाकीतून घुमत आवाज आला, "पोरगं का पोरगी?"

"मुलगा आहे."

"कितवीत?"

"पहिलीत घालायचाय."

"मंग थे बादली देता का इकडं? खराटा बी द्या. अन् तोटीपाशी उभे राहा जरा. गाळ जाऊन राह्यला का नाही, पाहा."

मी सिन्नरकडचा माणूस. नव्या गावात गेलं की लोक आधी नाव विचारतात, मग चहा विचारतात, अशी माझी समजूत. इथे कोणी नावही विचारलं नव्हतं आणि मी तोटीपाशी उकिडवा बसून गाळ बघत होतो. ओम माझ्या पाठीवर चढून 'पप्पा, आला, काळा काळा आला' म्हणून ओरडत होता. आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं. माझी बायको वैशाली तिथल्या उपकेंद्रात नर्स. तिच्या बदलीमुळे आम्ही सोनखडीत आलो. सोनखडी म्हणजे नेरहून निघालेली बस जिथे वळायला जागा शोधते आणि परत फिरते, ते गाव. मी स्टँडवर मोबाईल दुरुस्तीची टपरी टाकली होती. लोक मोबाईल द्यायचे आणि विचारायचे, 'नर्सबाई घरी हायेत का?' माझं गावातलं नाव 'नर्सबाईचे मिस्टर'. कोणी वाईट वागत नव्हतं, पण कोणी मला काही धरायलाही सांगत नव्हतं.

थोड्या वेळाने पाय जमिनीवर आले आणि उरलेले प्रमोदराव बाहेर निघाले. उंच, काटकुळे, मिशीला शेवाळ लागलेलं. शर्टाच्या खिशात कंगवा, टेस्टर आणि तीन रंगांची पेनं. पँटीचा एक पाय नेहमी दुसऱ्यापेक्षा वर दुमडलेला. तो सारखा करावा असं त्यांना कधीही वाटलं नाही. त्यांनी ओमला नाव विचारलं आणि ओला हात माझ्यापुढे केला.

"मी श्रावणीचा बाबा."

"मी नर्सबाईंचा..."

"ना! थे दवाखान्यात. फाटकाच्या आत तुमी ओमचे पप्पा."

त्यांचं नाव प्रमोद आहे हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं, तेही शाळेच्या फळ्यावर. गावात ते नाव कोणी वापरतच नव्हतं. गावाच्या लेखी ते 'कळंबचे जवाई'.

त्यांची सगळी गोष्ट या एका शब्दात होती. बायको पुष्पाताई ही आईबापांची एकुलती एक लेक. कपाशी, सोयाबीन, तूर असं बऱ्यापैकी शेत. लग्नानंतर ते कळंबहून सासुरवाडीला राहायला आले, आणि वऱ्हाडात एका घरचा जावई म्हणजे अख्ख्या गावचा जावई. माणसं चिडवतात, टोमणे मारतात, पुढे पुढेही करतात, पण हातात फावडं देत नाहीत. जावयाला कामाला लावलं तर गावाची अब्रू जाते! प्रमोदराव त्या गावात वर्षानुवर्षं राहत होते आणि वर्षानुवर्षं पाहुणे होते. पुष्पाताईंचे चुलते नामदेवकाका हे गावातलं वजनदार माणूस, आणि त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. पांदण रस्त्यासाठी श्रमदान निघालं, प्रमोदराव फावडं घेऊन गेले. काकांनी ते हळूच काढून घेतलं. "पाव्हने, तुमी बसा." सप्त्याच्या पंगतीत वाढायला उभे राहिले. "पाव्हने, तुमी बसा." आणि भरल्या ताटासमोर पहिल्या पंगतीत बसवलं. मंदिराच्या छपराबद्दल गाव भांडत होतं, यांनी तोंड उघडलं, "माह्या मते..." सगळं गाव एकदम गप्प झालं आणि कोणीतरी चहा मागवला.

"चहा देऊन देऊन मारलं मले या गावानं," प्रमोदराव म्हणायचे. "बोलाले गेलो का चहा. उचलाले गेलो का खुर्ची."

म्हणून त्यांनी बसणंच सोडलं होतं. मी त्यांना खुर्चीवर बसलेलं पाहिलं ते एकदाच, आणि ते पुढे सांगणारच आहे. चहा उभ्याने, गप्पा उभ्याने. माझ्या टपरीवर आले तरी खांबाला टेकून उभे. स्टूल पुढे केलं की त्यांच्या चेहऱ्यावर दुखणं उमटायचं.

त्यांचा एक सिद्धान्त होता आणि तो ते टाकीत डोकं घालून सांगत, त्यामुळे त्याला आकाशवाणीचा भारदस्तपणा यायचा. "गावात घुसाले दोनच दरवाजे राह्यतेत, ओमचे पप्पा. एक मसनवटी, दुसरी शाळा. मसनवटीचा दरवाजा म्या वाजवून पाह्यला. दुसऱ्या चुलतसासऱ्याची मयत होती. म्हन्लं खांदा त देऊ देतीन. खांद्याले हात लावला न लावला, काका म्हन्तेत, पाव्हने, तुमी गाडीवर या! मयतीत बी गाडीवर, सांगा! मंग शाळाच राह्यली ना?"

शाळेचा दरवाजा श्रावणीने उघडला. ती पहिलीत गेली तेव्हा उईके मॅडम हेडमास्तर म्हणून नुकत्याच बदलून आल्या होत्या. मॅडम पांढरकवड्याकडच्या. बोलणं कमी, काम सांगणं जास्त. कोण कोणाचा जावई हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायला वेळही नव्हता. प्रवेशाच्या दिवशी त्यांनी प्रमोदरावांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पालक ना तुम्ही? टाकी घाण आहे. धुता का?"

प्रमोदराव सांगत, "माह्या डोयात पानीच आलं बाप्पा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोनी म्हन्लं, धुता का!"

त्या दिवसापासून त्या टाकीइतकी स्वच्छ टाकी यवतमाळ जिल्ह्यात दुसरी नसावी. ती कधी घाण व्हायचीच नाही. हे बिचारे वाट बघून कंटाळायचे आणि स्वच्छ टाकीच घासायचे. मग ते शाळेच्या व्यवस्थापन समितीत गेले, अध्यक्ष झाले, आणि आम्हा सगळ्या आईबापांच्या मागे हात धुऊन लागले. कोणाचा बाप सुतार, त्याला बाकाचा पाय. कोणाची आई शिवणकाम करते, तिला गॅदरिंगचे कपडे. मी मोबाईलवाला म्हणून मला शाळेचा भोंगा. मी सांगितलं, भोंग्यातलं मला काही कळत नाही. "कोनाले कयते? खोला तर!" मी खोलला. भोंगा पुढे कधी बोलला नाही, पण त्या निमित्ताने माझ्याभोवती चार बाप गोळा झाले, प्रत्येकाने एकेक स्क्रू हरवला आणि संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांना नावाने हाक मारू लागलो. सिन्नरला मी ज्या गल्लीत जन्मलो तिथेही माझे इतके मित्र नव्हते.

शाळेत गावाची मुलं होती तशीच नाल्यापलीकडच्या तांड्यावरचीही होती. बंजारा वस्ती. तिथून मीटिंगला जमनाबाई राठोड यायच्या. मुलगा-सून ऊसतोडीला गेले की दोन नातवंडं त्यांच्याकडे असायची. जमनाबाई मीटिंगच्या मधोमध मांडी घालून बसायच्या आणि प्रमोदरावांना 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणायच्या. गावाचा जावई असशील, तांड्याचा थोडाच आहेस, असा त्यांचा रोख. प्रमोदरावांना त्या जोरात दटावायच्या तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलायचा की बघत राहावं.

आता बैलाची गोष्ट.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे, बघा, मी आता 'आमच्याकडे' म्हणायला लागलो, तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल सजवून आणतात, रांगेत उभे करतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणतात, मग घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर नाणं, मागतात. सोनखडीत ही रांग मारुतीच्या पारापाशी लागायची आणि मोठ्या पोळ्यातल्या बापाच्या मानाप्रमाणे लागायची. काकांचा नातू यश सगळ्यांत पुढे. श्रावणी शेवटी, कारण तिचा बैल पाहुण्याचा. तांड्याची मुलं तर यायचीच नाहीत.

श्रावणी तिसरीत असताना प्रमोदरावांनी मीटिंगमध्ये ठराव मांडला: तान्हा पोळा शाळेच्या मैदानात भरेल आणि रांग हजेरीपटाप्रमाणे लागेल. गावात बाँब पडला. "मानाचा बैल हजेरीपटानं उभा राहीन?" काका पारावरून गरजले. हजेरीपटात पहिलं नाव अंकुश, म्हणजे जमनाबाईंचा नातू. आणि यश कुठेतरी शेवटाला, श्रावणीच्या फक्त एक नंबर आधी. उईके मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "झाडून कोण घेणार?" म्हणजे ठराव मंजूर.

प्रमोदरावांना कुठे थांबावं हे कधीच कळलं नाही. त्यांनी श्रावणीसाठी बैल करायला घेतला. बाभळीचं खोड, जुन्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, फळ्या, भंगारातल्या मोपेडची चाकं. दर दोन दिवसांनी मी बघायला जायचो आणि बैल वाढलेला असायचा. पुष्पाताई म्हणाल्या, "घरातून निंघन ना हा?" घरातून निघाला. रस्त्यानेही झोकात आला. पुढे श्रावणी कासरा धरून, मागे आम्ही दहा-बारा बाप ढकलतोय. आणि शाळेच्या फाटकात येऊन अडकला. शिंगं आत, पार्श्वभाग बाहेर. पुढे जाईना, मागे येईना. फाटकाचं माप घ्यायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. रोज त्या फाटकातून आत-बाहेर करणारा माणूस!

एका बाजूने गावाची मानाची पोरं आली, दुसऱ्या बाजूने तांड्याची. आत उईके मॅडम हजेरीपट घेऊन उभ्या. बाहेर रांग, गोंधळ, रडारड. काका सूचना देताहेत, "शिंगं कापा!" श्रावणीने किंकाळी फोडली. मग अंकुश खाली वाकला, आपला वीतभर बैल काखेत मारला आणि त्या अवाढव्य बैलाच्या चार पायांमधून पोटाखालून सरपटत आत गेला. त्याच्यामागे यश. मग काय, सगळीच! मान नाही, हजेरीपट नाही, जो वाकेल तो आत. मग आया निघाल्या. जमनाबाई घागरा सावरत गेल्या, पुष्पाताई गेल्या, आणि वैशाली, जिला मी घरात पलंगाखालचा डबा काढायला सांगितला तर कंबर दुखते, तीही गेली. मागोमाग आम्ही ढकलणारे बाप. शेवटी फाटकाबाहेर फक्त नामदेवकाका उरले. धोतर, काठी, मान आणि समोर बैलाचं पोट. आतून सगळं गाव बघतंय. काका इकडे तिकडे पाहून बसले, आणि रांगत आले. टाळ्यांचा असा कडकडाट मी त्या गावात नंतर कधी ऐकला नाही. बैलावर चढून प्रमोदरावांनी तिथल्या तिथे झडती रचली:

"पऱ्हाटीले पाती लागली, सोयाबीनले शेंग,
फाटकात अडला बैल अन् मांगं लागली रांग;
मानाचे म्हने आमी, तांड्याचे म्हने आमी,
पोटाखालून घुसले सारे, बैल आला कामी!"

"हर बोला, हर हर महादेव!" पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं. उईके मॅडम एवढंच म्हणाल्या, "फाटक कोण दुरुस्त करणार?" दुसऱ्या दिवशी गावचा सुतार आणि तांड्यावरचा गवंडी असे दोघं मिळून खांब फोडत होते. त्यातसुद्धा काका प्रमोदरावांना म्हणालेच, "पाव्हने, तुमी सावलीत बसा."

मग श्रावणी चौथीत गेली आणि प्रमोदरावांची झोप उडाली. आमची शाळा चौथीपर्यंतच. पुढे मुलं बसने नेरला जातात. आणि समितीत राहायचं तर शाळेत स्वतःचं मूल लागतं. श्रावणी बाहेर पडली की अध्यक्षपद गेलं. पद गेल्याचं त्यांना काही नव्हतं हो. एकदा टपरीवर खांबाला टेकून ते मला म्हणाले, "पोरगी गेली का मी फाटकाबाहेर, ओमचे पप्पा. उद्यापासून पुन्हा पाव्हना. मंग जिंदगीभर चहा." हसत म्हणाले, पण हसू तोंडातच राहिलं. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि थोडी स्वतःची भीतीही वाटली. ओम तेव्हा दुसरीत होता. तोही कधीतरी चौथी पास होणारच होता.

त्यांनी मग जे उद्योग केले ते सांगायला मला अजून हसू आवरत नाही. आधी मॅडमकडे गेले. "मॅडम, श्रावणीले चौथीत अजून एक वर्ष ठेवता का? पाया पक्का होईन."

"वर्गात पहिली येते ती."

"म्हनून त म्हन्तो. दुसऱ्याईले शिकवीन!"

हे श्रावणीला कळलं. तिने बापाशी बोलणं टाकलं आणि टाकी घासायचा ब्रश तुरीच्या ढिगात लपवून ठेवला.

मग त्यांनी पुष्पाताईंपुढे प्रस्ताव ठेवला. काय ते मला उपकेंद्रातून कळलं, कारण पुष्पाताई तणतणत वैशालीकडेच आल्या. "नर्सबाई, याईले समजावून सांगा बरं काही! पोरगी माह्या खांद्याले लागली अन् हे म्हन्तेत, अजून एक लेकरू पाह्यजे. कायले, त म्हने मीटिंगले जाता येते! म्या म्हन्लं, तुमचंच नाव घाला पहिलीत, डब्बा मी देतो करून."

शेवटी ते तांड्यावर गेले. जमनाबाईंचा धाकटा नातू त्या वर्षी पहिलीत जाणार होता. "याचा पालक मले करा, याडी." याडी म्हणजे आई, कामापुरती का होईना, मायेने मारलेली हाक.

"काहून? मी मेली का?"

"तसं नाही. आपन दोघं मिळून."

जमनाबाई तंबाखू थुंकून हसल्या. "मीटिंगले तू ये, भिया. पन माह्या वाटचा चहा मीच पिईन."

ते सगळं फुकट गेलं आणि एप्रिलच्या शेवटी चौथीच्या मुलांचा निरोप समारंभ ठरला. गावाला वाटलं, कळंबच्या जावयाने शाळेसाठी एवढं केलं, त्यांचा मान करावा. कल्पना काकांची. बैलापासून काका मनातून विरघळलेच होते. त्यांनी स्वतःच्या खिशातून फेटा आणला, नेरच्या मंडपवाल्याकडून लाल मखमली खुर्ची मागवली आणि ठरवलं, या खेपेला बाहेरचा कोणी साहेब नको. या खेपेला प्रमुख पाहुणे म्हणून कळंबचे पाव्हने!

इतक्या प्रेमाने माणसाच्या काळजात सुरी खुपसलेली मी कधी पाहिली नाही.

सकाळी मंडप उभारताना प्रमोदराव पहार घेऊन आले तर चार पोरांनी त्यांना उचलून नेऊन खुर्चीत ठेवलं. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर फेटा, गळ्यात हार, समोर पाण्याची बाटली. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. काकांनी भाषण केलं, "आमच्या गावचे जवाई, आमचे पाव्हने..." आणि प्रत्येक 'पाव्हने'ला प्रमोदरावांची मान एकेक बोट खाली जात होती. समोर मैदानापलीकडे टाकीची तोटी ठिबकत होती. ती त्यांना दिसत होती, आणि उठून बंद करता येत नव्हती. मी त्यांच्याकडे पाहून मान हलवली. त्यांनीही हलवली. पुष्पाताईंनी पदर डोळ्याला लावला तो लेकीच्या निरोपापायी नव्हता, एवढं मला कळलं.

आणि वावधन सुटलं. उन्हाळ्यात तिकडे ते असंच येतं, न सांगता: आधी धूळ, मग वारा, मग कोणाचा तरी टिनपत्रा. मंडपाचं कापड एकदम फुगलं आणि अख्खा मंडप खांबांसकट उठायला लागला. उईके मॅडमनी मुलांना वर्गात पिटाळलं. आम्ही बाप लोक दिसेल त्या खांबाला लोंबकळलो. मी ज्या खांबाला होतो त्याला दुसऱ्या बाजूने जमनाबाई होत्या, आणि खरं सांगतो, खांब त्यांनीच धरला होता. प्रमोदराव अर्धे उठले. बाजूने धावणारा एक पोऱ्या सवयीने ओरडला, "पाव्हने, तुमी बसा, तुमी बसा!" आणि सवयीनेच ते पुन्हा खाली बसले. चहूकडे धूळ, पताका उडताहेत, आणि मधोमध मखमली खुर्चीत फेटा धरून बसलेला हा माणूस!

पलीकडच्या खांबाला नामदेवकाका एकटे होते. वाऱ्याने खांब वर उचलला, त्याबरोबर काकाही वीतभर उचलले गेले. धोतर फडफडतंय, टोपी गेली. काकांनी वळून पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते सगळ्या गावाने ऐकलं.

"अबे पम्या! बसून काय राह्यला बे गाढवावानी! धर ना!"

प्रमोदराव त्या खुर्चीतून कसे सुटले ते मी पाहिलं आहे. हार तुटला, बाटली लवंडली, फेटा एकीकडे आणि ते दुसरीकडे. त्यांनी काकांच्या खांबाला मिठी मारली आणि दोघं मिळून खाली आले. वारा होता तोवर दोघं एकाच खांबाला चिकटून. काका शिव्या देत होते, "खाली दाब बे, जोर लाव ना, जेवला नाही काय!" आणि प्रमोदराव खांब दाबत होते, हसत होते, आणि धुळीने भरलेल्या तोंडावर पाण्याचे ओघळ उतरत होते.

वारा थांबला. मंडप वाचला, शेवटचा कोपरा सोडून. काकांना आपण काय बोललो ते आता कळलं. जावयाला गाढव, तेही भर सभेत! ते हात जोडून पुढे आले. "जवाईबापू, चुकलो. तोंडातून गेलं."

"नाही, नाही, काका!" प्रमोदराव घाबरून दोन पावलं मागे सरले. "माफी मागू नोका! कळंबच्या चिंतामणीची आन हाय तुमाले. पुन्हा म्हना."

"काय म्हनू?"

"थेच. बे म्हना."

म्हातारा हुशार होता, हळूहळू चेहऱ्यावर उजाडलं. "अबे पम्या," ते दबक्या आवाजात म्हणाले, "तुले एवढ्या दिवसापासून हेच पायजे होतं काय बे?" आणि त्यांना जवळ ओढून पाठीवर असा रट्टा घातला की धूळ उडाली.

प्रमोदरावांनी तिथूनच कळंबला आईला फोन लावला. "आई, मले गाढव म्हन्लं! हो, सगळ्यायसमोर! काकानं!" पलीकडून म्हातारी काय समजली कोण जाणे, बराच वेळ रडत होती म्हणे. संध्याकाळी पुष्पाताईंनी शिरा केला आणि श्रावणीने ब्रश परत दिला.

जूनमध्ये जमनाबाई समितीच्या अध्यक्ष झाल्या. पहिल्याच मीटिंगला त्यांनी फर्मान काढलं, "पम्याले बलवा. टाकी धुवाची हाय." शाळेत मूल नव्हतं, कागदावर कुठे नाव नव्हतं, पण तो प्रश्न कोणी काढलाच नाही. आता अख्खं गाव त्यांना 'पम्या' म्हणत होतं आणि जो तो कामं सांगत होता. कोणाची मोटार बसवा, कोणाचा कडबा उतरवा. एकदा माझ्या टपरीवर येऊन स्वतःहून धपकन स्टुलावर बसले आणि म्हणाले, "जीव खाल्ला बे या गावानं! बसू देत नाहीत घडीभर." इतकं सुखी गाऱ्हाणं मी ऐकलं नव्हतं.

पुढे वैशालीची बदली सिन्नरकडे झाली. ओम तिथल्या मोठ्या शाळेत जातो. तिथे फाटकावर रखवालदार आहे आणि पालकांनी रेषेच्या अलीकडे थांबायचं असतं. तिथल्या एकाही बापाचं नाव मला माहीत नाही. मी रेषेवर उभा राहून टाकी कुठे असेल याचा अंदाज घेत असतो.

गेल्या तान्ह्या पोळ्याला ओमने हट्टच धरला म्हणून आम्ही सोनखडीला गेलो. मोठा बैल आता फाटकातच कायमचा उभा केलेला. रंग उडालेला, पोरं बसून बसून पाठ गुळगुळीत झालेली. ओम न सांगता वाकला आणि पोटाखालून आत गेला. मीही गेलो. गुडघे कुरकुरले.

प्रमोदराव मैदानात पताका बांधत होते. मला पाहिलं आणि हातातली दोरी टाकून धावत आले, मिठी मारली, गदागदा हलवलं. "ओमचे पप्पा! अबे कोन आलं पाहा! चहा सांगा रे!" टाकीपाशी बादली, खराटा सगळं मांडलेलं होतं. मला राहवलं नाही. मी चपला काढल्या, पँट दुमडली, एक पाय थोडा जास्तच वर, आणि बादली उचलली.

प्रमोदरावांनी ती माझ्या हातातून हळूच काढून घेतली. वर्गातून खुर्ची आणून लिंबाखाली ठेवली, खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली, आणि मला दोन्ही खांद्यांना धरून मायेने म्हणाले,

"राहू द्या, राहू द्या. पाव्हने, तुमी बसा."

आपण काय बोललो हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मला मात्र हसू आलं. तेवढ्यात पारावरून काकांची हाक आली, "पम्याऽ, अबे टाकी झाली का नाही बे?"

"करून राह्यलो ना बे काका!" ते ओरडले, आणि डोकं खाली करून टाकीत शिरले. मी खुर्चीत बसून राहिलो. कोणीतरी चहा आणून दिला. टाकीबाहेर दोन पाय दिसत होते, एका पायाची पँट जरा जास्त वर दुमडलेली.